लिंब ते काठ

रोव्हरचा पिवळा दांडा मी रोवते
कड्यापासून दोन हात मागे.
त्याच्या पुढं नका जाऊ मॅडम, हिलाल कोतवाल म्हणतो,
खालून पोकळ आहे.
वर मात्र केळी उभी घडांसकट,
आणि ठिबकची एक नळी
काठ ओलांडून हवेत लोंबते,
थेंब थेंब
थेट तापीत.

चोपड्याच्या कचेरीतून नकाशे आणलेत.
एक कापडावर चिकटवलेला, घड्यांवर विरलेला.
कुणा भूकरमापकाच्या लाल शाईत :
लिंब ते काठ, अकरा साखळ्या, चार आणे.
तेव्हा अंतरही आण्यांत मोजत,
सोळा आण्यांची साखळी,
उरेल ती मोड.

दुसरा उपग्रहाचा. बराच नंतरचा.
लिंब ते काठ, एकेचाळीस मीटर.

तिसरा आज.
लिंबाचे अक्षांश-रेखांश यंत्राला दिले,
पडद्यावरचा बाण थोडा घुटमळला
आणि पाण्याकडे वळला.
नऊ मीटर आत.
तिथं भोवऱ्यात तेलाचं एक रिकामं डबडं
गरगरत होतं, कुठंच जात नव्हतं.

काय मोजी राहिनी वं बेटा?
मागे सुपडाबाई. गुडघ्यांवर हात, श्वास लागलेला.
नदी, माय.
नदी कसाले? झोका मोज.

मग ती बांधावर बसली आणि सांगत राहिली.
सासर साक्रीकडचं, पण आखाजीला माहेरी,
आणि माहेरी म्हणजे या लिंबाखाली.
पहिल्या वर्षी झोका पुढं जायचा
तेव्हा पायाखाली नांगरट, ढेकळंच ढेकळं.
उखाला पोरगा झाला त्या आखाजीला
पायाखाली बांध.
धाकटीला दिली त्या आखाजीला कडा,
आणि कड्याला केसाएवढी भेग.
शेवटच्या आखाजीला पुढं गेलं की तापी,
मागं आलं की गाव.
पोरी किंचाळायच्या.
उतरायला एक तयार नव्हती.

त्याच भादव्यात लिंब गेला,
दोराचा वळ फांदीवर घेऊन.

माझ्या दोन नकाशांमध्ये साठ वर्षं कोरी आहेत.
पंचनाम्याच्या पाठीवर मी लिहून घेतलं :
नांगरट, बांध, कडा, पाणी.
सालं तिला सांगता येत नव्हती.
बाळंतपणं सांगता येत होती, लग्नं सांगता येत होती,
तेवढ्यावर रेघ निघाली.
काढून पाहिली तर उपग्रहाच्या रेघेला
जवळजवळ चिकटूनच गेली.

तिचा भाऊ उखा आप्पा लांबच उभा होता.
त्याला एकच विचारायचं होतं,
गेलेल्या जमिनीचा सारा अजून का लागतो?
मी नियम सांगितला. अर्धा एकर गेल्याशिवाय
गेली असं धरत नाहीत.
तो म्हणाला, मग ती जाते तेव्हा
तिला सांगा ना, एकदम जात जा.

पलीकडच्या काठाला मळई साचली आहे,
रुंद, पांढरट, कोरी.
तिथल्या कुणी टरबुजं लावलीत यंदा.
सुपडाबाई कपाळावर हात धरून बघत राहिली.
माती आमची, म्हणाली,
एखादं तरी धाडाले जोये.
आणि दात नसलेलं हसली.

ऊन कललं. मी यंत्र मिटलं.
आप्पानं खिशातून विळी काढली,
लोंबती नळी काठाच्या मागे कापली,
टोक दुमडून तारेनं आवळलं,
आणि कापलेला तुकडा घेऊन
पंपाच्या खोलीकडे गेला.

तिथं खुंटीला असे कितीतरी तुकडे होते,
आखूड, लांब, एक तर पुरुषभर,
प्रत्येक पावसाळ्याचा एक.
फेकत का नाहीत?
कामास येतात, तो म्हणाला. मग थोडं थांबून,
आजवर आले नाहीत.

मी बॅग पुन्हा खाली ठेवली
आणि टेप काढला.